चार गुडघे, एक जोडी पट्टे

लातूरच्या आरोग्य शिबिरात गुडघ्याच्या पट्ट्यांची एक जोडी आणि दुखण्यावरच्या जेलची एक ट्यूब फुकट मिळत होती, पण माणसामागे नव्हे, राशनकार्डामागे. शिरूर अनंतपाळच्या अयोध्याबाईंना हा नियम कळला तेव्हा रांगेत त्यांच्याच मागे त्यांची धाकटी जाऊ शिवकन्या उभी होती. अकरा वर्षांपूर्वी दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या, अंगणात अर्ध्यापर्यंत भिंत आली, बोलणं बंद झालं. राशनकार्ड तेवढं वेगळं करायचं राहून गेलं होतं.

म्हणजे गुडघे चार आणि पट्टे दोन.

वाटणी केली चंद्रप्पांनी, म्हणजे अयोध्याबाईंच्या मालकांनी. हिला एक पट्टा, तिला एक. जेलचं निम्मं तुपाच्या रिकाम्या डबीत पिळलं. अयोध्याबाईंनी झटकन ट्यूब उचलली. डबी, रिकामं खोकं आणि त्यातला घडी घातलेला मराठी कागद शिवकन्येच्या वाट्याला गेला. वाटणीत आपला हात वर राहिला, या समाधानात अयोध्याबाईंचं निम्मं दुखणं तिथंच उतरलं. उरलेलं निम्मं मात्र गुडघ्यातच होतं.

भांडण मुळात बाजारातल्या जागेवरून होतं. आठवडी बाजारात लिंबाखालची सावलीची जागा सासूबाईंची. त्या गेल्यावर थोरली म्हणून अयोध्याबाई तिथं भाजी घेऊन बसल्या आणि धाकटीला एक वीतही दिली नाही. जागेला कागद नाही, पावती नाही. बसेल त्याची जागा, आणि लागोपाठ दोन बाजार रिकामी राहिली तर कुणीही पोतं अंथरावं, हा तिथला कायदा. पण चार-पाच तास मांडी घालून बसलं की अयोध्याबाईंना उठताना दोन माणसांचा आधार लागायचा. शिबिरातली डॉक्टरीण म्हणाली होती, "मावशी, सांध्यातली गादी झिजलीये. झिजलेलं भरून येत नाही. दुखणं मात्र कमी करता येतं." नंतरही ती बरंच काही सांगत होती, पण बाईंचं सगळं लक्ष पट्टे कोण घ्यायलंय तिकडं.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी दवा जोरात करायची ठरवली. पाव ट्यूब उजव्या गुडघ्याला थापली. वर एरंडेल लावून तव्यावर गरम केलेलं रुईचं पान ठेवलं. त्याच्यावर पट्टा, असा आवळून की पिंडरीला मुंग्या याव्यात. आणि तशाच झोपल्या.

सकाळी पट्टा सोडला तर गुडघ्यावर बोराएवढे तीन फोड.

"हे काय करून ठेवलंस?" चंद्रप्पा म्हणाले.

"दवा लागली. आतलं बाहेर पडायलंय," बाई म्हणाल्या आणि कळवळल्या.

तो बाजार बुडाला. संध्याकाळी निरोप आला, की टमाट्यावाल्या व्यंकटीनं लिंबाखालची जागा पावलांनी मोजून बघितली. आता पुढचा बाजार चुकला की जागा गेली.

खाटेवर पडल्या पडल्या बाईंना एक उद्योग लागला. भिंतीपलीकडच्या शिवकन्येचं कण्हणं मोजायचं. पूर्वी ती हापशापर्यंत जाऊन येईस्तोवर पाच वेळा "अगं आई" म्हणायची. आता दोनदाच. जेल तेच, पट्टा तोच, हे कसं? हिशोब लागेना. जागेपेक्षा बाईंना हेच जास्त टोचू लागलं. दुसऱ्या दिवशी त्या लंगडत भिंतीपाशी गेल्या. पलीकडं शिवकन्या शेळीला पाला टाकत होती. दोघी एकमेकींशी बोलत नसत. बोलायचंच झालं तर शेळीशी.

"काय गं शेळे," बाई म्हणाल्या, "काही जणींचे गुडघे बरे पळायलेत म्हणं."

"शेळे, त्यांना सांग," शिवकन्या पाल्यातून डोकं वर न काढता म्हणाली, "खोक्यात कागद असतो. सातवी शिकलेल्या माणसाला वाचता येतो."

"काय लिवलंय म्हणावं त्यात?"

"लिवलंय की जेल भिंतीला शेण सारवल्यावानी थापायचं न्हाई. सांगितलंय तेवढंच, तीन वेळा, हलक्या हातानं, आणि रोज. एका दिवसात गुण येत न्हाई. वरून शेक न्हाई, पाला न्हाई, आवळून बांधायचं न्हाई. पट्टा चालताना, झोपताना काढायचा. हे तर त्या डॉक्टरनीनं तोंडानं पण सांगितलं व्हतं."

"आणि फोड आले तर?"

आता शिवकन्येनं डोकं वर केलं. भिंतीवरून वाकून गुडघा बघितला आणि शेळीला विसरली.

"अगं बाई! अक्का, रुई बांधलीस का काय? चल आधी दवाखान्यात. त्या जागी काही लावू नको."

अकरा वर्षांनी "अक्का" ऐकून बाईंनी लगेच चपला घातल्या. पण त्या अयोध्याबाई होत्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी आधी विचारलं, "पुढच्या बाजाराला बसता येईल का मला?"

"मांडी घालून न्हाई. भाजीचं प्लॅस्टिकचं कॅरेट उलटं घालून त्यावर बसायचं. आणि दर अर्ध्या तासाला उठून चालायचं."

"कॅरेटवर? बाया हसतील. आणि उठल्यावर जागा कोण बघंल, व्यंकटी?"

"मी बघंन की." शिवकन्या रस्त्याकडं बघत म्हणाली. "अर्ध्यात माझी भाजीची पाटी लागंल."

बाईंनी मनात हिशोब मांडला. जिच्यासाठी अकरा वर्षं तोंड फिरवलं तीच अर्धी जागा. पण ती नाही दिली तर सगळीच व्यंकटीची. दवाखान्याच्या पायरीवर शिवकन्येनं हात पुढं केला. बाईंनी तो धरला.

"सावलीकडची बाजू माझी," त्या म्हणाल्या.

"दुपारपर्यंत तुझी. मग सावली फिरती, तशी फिरू."

आठवडाभर फोडांवर दवाखान्याची पट्टी, डाव्या गुडघ्याला मोजून जेल आणि चालताना पट्टा. पाचव्या दिवशी चंद्रप्पांनी आधार द्यायला हात पुढं केला, तर बाई म्हणाल्या, "असू द्या, डावा ऐकायलाय."

बाजारात दोघी उलट्या कॅरेटवर बसल्या. समोरची कांदेवाली अयोध्या-दरबार भरला म्हणून खिदळली. व्यंकटी लांबून बघून निघून गेला. अर्ध्या तासानं शिवकन्येनं कोपर मारलं, "उठ." बाई कॅरेटला हात टेकून उठल्या. उजवा अजून कुरकुरत होता, डावा मात्र सरळ झाला. त्या हळूहळू मारुतीच्या देवळापर्यंत गेल्या, आल्या. येऊन बघतात तर गिऱ्हाइकांची रांग, आणि शिवकन्या एका हातानं स्वतःची मेथी, दुसऱ्या हातानं यांची वांगी देत होती.

"माझी वांगी मोजून दिलीस का?"

"दिली. अक्का, आजून एक चक्कर मार. तू नसताना गिऱ्हाईक जास्त थांबतंय."

"मारते की," बाई म्हणाल्या. पदर खोचला, दोन चांगली वांगी शिवकन्येच्या हाताला लागू नयेत अशी मागं सरकवून ठेवली आणि परत देवळाच्या वाटेला लागल्या.