निवळलेलं पाणी

"निवळलं! पाणी निवळलं!"

एकच गलका झाला आणि झाशीतल्या आमच्या कीर्तन मंडळाचा सभामंडप उठून उभा राहिला. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत बेतवा नदीचं चहासारखं गढूळ पाणी होतं. जलसिद्ध महाराजांनी त्यात आपला दंड फिरवला, सगळ्यांना नामजप करायला लावलं, आणि जप संपेपर्यंत गाळ तळाशी बसून वर काचेसारखं स्वच्छ पाणी उरलं. बायकांनी पदर पसरले. मागच्यांनी खुर्च्यांवर चढून हात जोडले.

"देखो भक्तो!" महाराज गरजले. "मिट्टी गयी नीचे, रोग गया पीछे! जो जल आँख को साफ, वो जल पेट को माफ! हम भी मराठी जानते हैं, पाणी म्हणजे जीवन! और ये दंड उस जीवन का दरोगा!"

टहरौली गावाकडून आलेल्या या दरोग्यानं हे सगळं कीर्तनाच्या गादीवरून केलं, आणि आमचा घात तिथंच झाला. आमच्या कीर्तनकार कमलताईंचा पूर्वरंग संपून मध्यंतरात बुक्का-हार चालले होते. आमचे अध्यक्ष अनंतराव यांनी तेवढ्यात महाराजांना हाताला धरून गादीवर नेलं. नारदाच्या त्या गादीवर जो उभा राहील त्याला ऐंशी वर्षांचा म्हातारासुद्धा वाकून नमस्कार करतो. तिथून आलेल्या शब्दावर वाद घालत नाहीत. कमलताईंनी स्वतः महाराजांना बुक्का लावला आणि उत्तररंगाच्या सुरुवातीला म्हणाल्या, "हे पाणी नव्हे, तीर्थ आहे!"

ही वाहवा झाशीतच जिरली असती तर एक वेळ चाललं असतं. पण कमलताईंनी तेच हिंदीतही सांगितलं तेव्हा त्यांच्या पुढ्यात मोबाइल चालू होता, आणि पलीकडे नेपाळच्या डोंगरातलं सिमलडाँडा हे गाव ऐकत होतं.

सिमलडाँडा आमचं जोडगाव. तिथं भूकंप झाला तेव्हा मंडळाचे लोक घोंगड्या-धान्य घेऊन गेले आणि जीव जडवून परत आले. शाळेचे पत्रे झाले, दवाखान्याला खाटा झाल्या. तेव्हापासून दर एकादशीला कमलताई कथेचा भाग हिंदीत सांगायच्या आणि तिथल्या देवळाच्या भोंग्यावर सारा गाव तो ऐकायचा. तिथले लोक त्यांना 'झाँसीवाली माई' म्हणत. यंदा त्या गावात कॉलरा शिरला होता. आम्ही ओआरएसच्या पुड्या आणि क्लोरीनच्या गोळ्या गोळा करतच होतो. महाराज भेटले ते नेमके याच वेळी.

"गोळ्यांचा वास त्या लोकांना सोसत नाही, पाणी उकळायला लाकूड महाग," अनंतराव म्हणाले. "आणि इथं साक्षात देव दंड घेऊन उभा आहे!"

मग अनंतरावांनी महाराजांकडून तसलेच दंड घेऊन त्यांची मोळी बांधली आणि गोरखपूरमार्गे स्वतः जाऊन ती जोडगावात पोचवून आले. घराघरात दंड वाटतानाचे फोटो आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पाठवले, खाली हात जोडलेली चित्रं टाकून.

पंधरवडा गेला असेल. एकादशीच्या कीर्तनाला लोक नुकते जमत होते, तेवढ्यात कमलताईंचा फोन वाजला. सिमलडाँड्याची नर्स मनमाया बोलत होती. तबला-पेटी जुळवणं चालू होतं म्हणून ताईंनी आवाज मोठा केला आणि आम्हा सगळ्यांनाच ते ऐकू आलं.

"माई, पानी एकदम साफ दिखता है। फिर भी लोग गिर रहे हैं, पहले से ज़्यादा। मैं कहती हूँ उबालो, गोली डालो। कोई सुनता नहीं। कहते हैं, झाँसीवाली माई ने बोला है, ये तीर्थ है।" मग हळूच म्हणाली, "पूर्णिमाया की छोटी बच्ची कल नहीं रही, माई।"

पेटीचा सूर मध्येच तुटला. कमलताई फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या. तिकडून मनमाया "माई? सुन रही हैं?" विचारत होती.

कमलताईंची भाची नीरजा डॉक्टर, जवळच्या बबीन्यात दवाखाना चालवते. दंड निघाले त्या दिवशीही ती तावातावानं आली होती. "अनंतकाका, एकदा तपासू तरी द्या!" आणि अनंतरावांनी तिला उडवून लावलं होतं, "बेटा, गादीवरून झालेल्या शब्दावर वाद नसतो." आम्हीही माना डोलावल्या होत्या. आजही ती मंडपात होती. एवढंच म्हणाली, "मावशी, महाराजांना बोलाव. मी पाणी आणते."

महाराज आले. तोवर मंडप भरला होता. नीरजानं गढूळ पाण्यानं भरलेली बरणी पुढं ठेवली. तिला पाहताच अनंतराव सवयीनं उठले, "नीरजा, गादीसमोर हे असलं..."

कमलताई गादीवरून खाली उतरल्या. गळ्यातला हार काढून त्यांनी बाजूला ठेवला. "गादी रिकामी आहे, अनंतराव. आता विचारू दे तिला."

महाराजांनी दंड फिरवला. "जपो भक्तो! जप रुकेगा तो जल रूठेगा!"

आम्ही जपलो, पण या वेळी नजर बरणीवर ठेवून. पाणी निवळलं. अगदी पहिल्यासारखं, नितळ.

नीरजानं वरचं पाणी पेल्यात काढून महाराजांपुढं धरलं. "घ्या महाराज. तीर्थ."

"हाँ, हाँ। भक्तों को पहले।"

"भक्तांना नको. यात मी मंडपामागच्या नाल्याचं एक तांब्याभर पाणी मिसळलंय. रोग गया पीछे, असं तुम्हीच म्हणता ना? मग प्या."

महाराजांनी पेल्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "आज हमारा निर्जल व्रत है।"

"अहो, आत्ता बाहेर दोन कप चहा घेतलात की!" बायकांतून आवाज आला. कुणीतरी हसलं. मग पूर्णिमायाच्या मुलीची आठवण झाली असावी, हसू तिथंच विरलं.

नीरजानं त्यांच्या हातातला दंड ओढून घेतला. टोकाला जाळीदार तांब्याची टोपी होती. ती पिरगळून काढली तशी आतून पांढुरका खडा घरंगळला. तिनं तो अनंतरावांच्या तळहातावर ठेवला. "जीभ लावून बघा, काका."

अनंतरावांनी खडा जिभेला लावला. त्यांचा चेहरा आक्रसला. "तुरटी."

"दाढी झाल्यावर गालाला लावता तीच. तुरटीनं पाण्यातली माती जड होऊन खाली बसते, एवढंच. त्याला वेळ लागतो, तो जपात निघून जायचा. पण कॉलऱ्याचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. माती बसली म्हणून ते मरत नाहीत. आपण त्या लोकांना पाणी शुद्ध करून दिलं नाही. भीती वाटण्याजोगं पाणी होतं, त्याची भीती तेवढी घालवून दिली."

म्हणजे नामजप आम्ही देवासाठी करत होतो आणि तो माणूस त्याचा घड्याळासारखा उपयोग करून घेत होता. ज्या नावावर आमचा पिंड पोसला, त्याच्या आडून हे चाललं होतं आणि टाळ आम्हीच वाजवत होतो. कुणी कुणाकडे पाहीना. महाराज सटकू लागले तेव्हा मात्र दारातल्यांनी त्यांना अडवलं, आणि पुढं पोलिसांत तक्रारही गेली. पण त्यानं कुणाचंच मन हलकं झालं नाही. दंड पोचवले होते आम्ही.

अनंतरावांच्या मुठीत खडा तसाच होता. "मी आजच निघतो," ते म्हणाले. "सगळे परत आणतो."

"तुम्ही पोचेपर्यंत अजून किती घरं ते पाणी पितील?" नीरजा म्हणाली. "त्यांनी डॉक्टरचं ऐकलेलं नाही, नर्सचं ऐकलेलं नाही. मावशीचं ऐकलंय. मावशीनंच सांगायला हवं. आत्ता."

"सगळ्यांसमोर?" अनंतराव कळवळून म्हणाले. "ताई, एवढ्या वर्षांचं तुमचं नाव..."

"माझ्या नावानंच तर प्यायले ते," कमलताई म्हणाल्या.

त्या पुन्हा गादीवर चढल्या. ना हार, ना बुक्का. मनमायाला फोन लावून म्हणाल्या, "बेटी, भोंगा लगा दो।" खरखर ऐकू आली, माणसांची कुजबुज, कुठंतरी रडणारं मूल.

"सिमलडाँडा के मेरे भाइयो, बहनो। मैं कमल बोल रही हूँ, झाँसी से। मैंने आपसे झूठ कहा। जानकर नहीं कहा, पर जाँचे बिना कहा, और वो झूठ ही निकला। वो जल तीर्थ नहीं है। दंड में फिटकरी है, कोई सिद्धि नहीं। सारे दंड चूल्हे में डाल दो और उसी आग पर पानी उबालो। गोली डालो। मनमाया जो कहे वही करो। और पूर्णिमाया..." आवाज फाटला. त्यांनी पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली घेतला. "पूर्णिमाया, तेरी बच्ची की मैं गुनहगार हूँ।"

पलीकडून मनमायाचा आवाज आला, अगदी साधा, कामाचा.

"माई, हवा बहुत है। ऊपर के टोलेवालों ने नहीं सुना। फिर से कहिए।"

कमलताईंनी डोळे पुसले आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली, आणखी मोठ्यानं.

वाचकहो, देवाला नमस्कार डोळे मिटून करावा. पाणी डोळे उघडे ठेवून प्यावं, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारावं. स्वच्छ दिसणारं पाणी शुद्ध असतंच असं नाही. ते उकळा किंवा त्यात क्लोरीन घाला. जुलाब लागले तर ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा, अंगारा नको. ज्याला प्रश्न विचारलेला खपत नाही, त्याच्या हातून काही घेऊ नका. आणि इतकं असूनही चुकलातच, तर जितक्या मोठ्यानं चुकलात तितक्याच मोठ्यानं सांगा. डोंगरावरच्या त्या वरच्या वस्तीपर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.