सातव्या गाण्यातली हाक

मी बोलतोय तो दवाखान्याच्या एका फाईलमधून. माझ्या एका बाजूला कानाच्या तपासणीचे आलेख आहेत, दुसऱ्या बाजूला औषधांची चिठ्ठी. खरं तर मी एक अल्बम. सात गाण्यांची सीडी आणि सोबत पातळ पुस्तिका. इथे कसा आलो, ते सांगतो.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. दुकान दोघा भावांचं. थोरला दिवसभर काचा घासायचा, धाकटा गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवायचा. शटर पडलं की थोरला बेस गिटार घ्यायचा, धाकटा गिटार वाजवत गायचा आणि त्यांचा मित्र ठोक्या ड्रमवर बसायचा. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या होत्या, तरी आवाज बाहेर जायचाच. शेजारची लाँड्रीवाली एकदा म्हणाली, "माझं मशीन असा आवाज करायला लागलं की मी मेकॅनिक बोलावते."

त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. म्हणजे कडक गिटार, मोजता मोजता बोटं चुकावीत असे ठेके आणि चहा गार झाला तरी न संपणारी गाणी.

माझी सातही गाणी मिळून एकच गोष्ट आहे. धुक्यात, नदीकाठी एक माणूस उभा आहे आणि पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारतंय. ही हाक म्हणजे गिटारचे पाच सूर. ते प्रत्येक गाण्यात येतात. कधी संथ, कधी सात मात्रांच्या ठेक्यावर अडखळत, एकदा तर उलट्या क्रमाने. त्यांच्यामागून शब्द येतात, "ऐकतोयस ना?" पलीकडचा काठ डावीकडे, म्हणून हाक फक्त डाव्या कानात वाजेल, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

वेगवेगळं वाजवून घेतलेलं सगळं एकत्र करायचं आणि कुणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं, याला मिक्सिंग म्हणतात. ते काम थोरल्याचं. हेडफोन लावून तो तासन् तास बसायचा. एक गाणं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे मी व्हायला दोन वर्षं लागली. आणि दादाच्या कानापुढे कुणी बोलायचं नाही, हा तर नियमच होता.

तरी चौथ्या गाण्याच्या वेळी धाकट्याने भीत भीत विचारलं, "दादा, हाक जरा मोठी नाही झाली?"

थोरल्याने हेडफोन गळ्यात उतरवला. मग म्हणाला, "हाक मारणारा जवळ येतोय."

धाकट्याला हे इतकं पटलं, की त्याने पुढच्या तिन्ही गाण्यांचे शब्द बदलले. पाचव्यात होडी आणली, सहाव्यात वल्ह्यांचा आवाज, सातव्यात होडी काठाला लागली.

थोरल्याला खरं कारण माहीत होतं. त्याच्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजायची. हाक नीट ऐकू येईना, म्हणून तो ती वाढवत होता. सांगितलं तर मिक्सिंग हातातून जाईल, या भीतीने त्याने कुणाला ताकास तूर लागू दिला नाही.

मी बाहेर पडलो आणि ऐकणाऱ्यांनी कौतुक केलं. हाक गाण्यागणिक जवळ येते, याची तर फारच वाहवा झाली. थोरला ती पत्रं वाचायचा आणि घडी घालून ठेवून द्यायचा. माणसांचं मला एक कळलं आहे. चुकीबद्दल बोलणी बसली तर ती एक वेळ कबूल करतील, पण शाबासकी मिळाली की त्यांचं तोंडच उघडत नाही.

थोरल्याची मुलगी नववीत आहे. ती फार बोलत नाही. पण बाबा जेवायला बसताना हल्ली भिंतीकडची खुर्ची धरतात, म्हणजे डावीकडे कुणीच बसू शकत नाही, हे तिने पाहिलं होतं. एका रविवारी दुपारी तिने माझं सातवं गाणं लावलं आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. मुद्दाम उलटा.

हाक उजव्या कानात शिरली तसा थोरल्याने हेडफोन ओढून काढला. "एवढी मोठी? कुणी केली ही?"

"तुम्हीच, बाबा."

मी आपला फिरत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बापलेक कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कधीपासून कमी ऐकू येतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. झाले असतील दोन-तीन महिने, सर्दी झाली होती, असं थोरला म्हणाला. मुलीने दप्तरातून मला काढलं. पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली ते पुरं झाल्याची तारीख होती. एका तारखेवर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "चौथ्या गाण्यापासून."

ती तारीख दीड वर्षापूर्वीची होती. डॉक्टरांना हे संगीत आवडत नसावं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तरी त्यांनी पहिलं आणि सातवं गाणं नीट ऐकलं. मग कागदावरची सर्दी खोडली आणि डोक्याचा स्कॅन लिहून दिला.

कानाच्या नसेवर गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती, पण वाढत होती. सर्दी समजून आणखी थांबला असता, तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली आणि डावा कानही गेला.

धाकटा भेटायला आला तो उजव्या बाजूने. मला दुरुस्त करून पुन्हा काढू, असं म्हणत होता. थोरल्याने मान हलवली. "ही सात आहेत तशी राहू दे. आठवं तू कर."

"मी? मिक्सिंग?"

"मग काय, लाँड्रीवालीला सांगू?"

त्या दिवसापासून मी या फाईलमध्येच आहे. दर तपासणीला थोरल्याबरोबर जातो आणि परत येतो. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी फोन नेहमी एकाच कानाला लावत असेल, तर त्यांना चिडवू नका, विचारा. ते काही नाही म्हणाले, तर पुन्हा विचारा.