नजमाची शिलाई वाकडी गेली, त्यात माझा दोष नव्हता

मित्रांनो, मी नागभीडच्या बाजारातली एक जुनी शिलाई मशीन आहे आणि माझी शिलाई आजवर कधी वाकडी गेलेली नाही. एकदा गेली, तेव्हा सुई माझ्या मालकिणीच्या, नजमाच्या नवऱ्याने, रईसने बसवली होती, म्हणून ती मी धरत नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यात झाला. तेथून रेल्वेने आले आणि नजमाच्या दुकानात पाय रोवले. पाय लोखंडी असल्याने दुसरा पर्यायही नव्हता. नजमाच्या हाताचे कौतुक व्हायचे. त्यातले अर्धे मी न विचारता घेत असे.

मग नजमाला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, इंजेक्शने; तोवर मी चादरीखाली पडून होते. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की हा कॅन्सर एकाच जातीचा नसतो. एक हार्मोनवर पोसतो, एक हर-टू नावाच्या प्रथिनावर, आणि एकात यातले काहीच सापडत नाही. तो ट्रिपल निगेटिव्ह. नजमाचा हर-टूचा निघाला. माणसांप्रमाणे रोगालाही आधी जात विचारतात. फरक इतकाच, की रोगाच्या बाबतीत त्याचा उपयोग होतो.

नजमा बरी होऊन परत आली. दोन वर्षे आम्ही झकास शिवले. मग ऐन लग्नसराईत शिलाई कडेवरून घसरू लागली.

“हे काय वं नजमा? खांदा इकडे, बाही तिकडे. बुजगावण्याचा ब्लाऊज शिवून राह्यली का?” शेजारच्या अंजनाबाईंनी विचारले.

“मशीन बिघडली, बाई.”

हे मला लागले. रईसने मिस्त्री कमरुद्दीनचाचांना आणले. त्यांनी मला पूर्ण उघडले, तेल पाजले आणि “बुढी हो गई” म्हणाले. ते स्वतः माझ्याहून वयाने मोठे आहेत. नजमाचे डोके रोज सकाळी दुखे, ते तिने जुन्या चष्म्यावर ढकलले. छातीचा आजार छातीतच संपला, असा घरात ठराव झाला होता. आजाराला तो कुणी कळवला नव्हता.

एके दिवशी अंजनाबाईंनी तिच्या उजव्या हाताशी चहा ठेवला. थोड्या वेळाने नजमा म्हणाली, “बाई, चाय कुठी आहे?”

“तुह्या कोपराजवळ तं आहे वं. थंडा होऊन राह्यला.”

नजमाने मान पुरती वळवली, तेव्हा कप दिसला. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याऐवजी तिच्याकडे पाहिले. “काऊन वं, तुले या बाजूचं दिसत नाई?” अंजनाबाईंनी विचारले आणि दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला नेले.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, डावीकडे त्याच जुन्या कॅन्सरची गाठ निघाली. त्यामुळे उजवीकडचे दिसेनासे झाले होते, आणि कापडाची कड सुईच्या उजवीकडेच असते. हर-टू आणि ट्रिपल निगेटिव्ह या दोन जाती मेंदूकडे जास्त वळतात, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शरीर साफ करणारे इंजेक्शन मात्र मेंदूत फारसे शिरत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या अडवतात.

“आपल्या जंगलाच्या नाक्यासारखंच झालं हे,” घरी आल्यावर नजमा म्हणाली. “मोळीवालीले अडवते, चोरीच्या लाकडाचा ट्रक जाऊ देते.”

“अब आराम कर. मशीन बेच देते,” रईस म्हणाला.

“सांगा याह्यले, बाई,” नजमा अंजनाबाईंना म्हणाली. “गाठ डोक्यात आहे. डोकं डॉक्टरीणबाई पाहून राह्यल्या. हात माहे आहेत.”

मला कुणी विकले नाही. गाठीवर रेडिएशन झाले, मेंदूपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. गाठ पुष्कळ लहान झाली. उजवीकडचे सगळे परत आले नाही. नजमा आता मान वळवून शिवते, आणि मान का वळवते असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते.

मित्रांनो, मशीनला तेल जरूर द्या, ते मला आवडतेच. पण असा आजार होऊन गेलेल्या बाईची शिलाई वाकडी जाऊ लागली, सकाळी डोके दुखू लागले, ती दाराच्या चौकटीला धडकू लागली, तर मिस्त्रीच्या आधी डॉक्टर गाठा. जुना आजार कोणत्या जातीचा होता, तेही सांगा.

पुढचा एमआरआय मार्चमध्ये आहे. त्या दिवशी दुकान बंद राहील.