अकराचं ॲव्हरेज

“हात लाव इथं,” गाडीखालून उस्तादचा आवाज आला.

भिंगरीने मागच्या डाव्या चाकाला हात लावला आणि चटका बसताच मागे घेतला.

“चाक आहे का तवा?” उस्ताद सरपटत बाहेर आला. “ब्रेक अर्धवट धरूनच ठेवतोय. म्हणजे तू गाडी चालवत नव्हतास, फरफटत नेत होतास. डिझेल पिणार नाही तर काय करणार बिचारी?”

“किती वेळ लागेल?”

“आत्ता कुठे बॉनेट उघडतोय.”

“नाही, पण साधारण?”

उस्तादने बॉनेट वर उचललं. तासाभरात हा प्रश्न त्याने सहा वेळा ऐकला होता. भिंगरी गॅरेजच्या दारापर्यंत जाऊन आला, जुन्या टायरवर टेकला, उठला, पुन्हा दारापर्यंत गेला. वय चोपन्न, पण माणूस एका जागी ठरेल तर शपथ. त्याचं खरं नाव इस्पितळाच्या पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. एकोणीस वर्षं तो तिथली ही एकुलती एक पिकअप चालवत होता. वॉर्डांतल्या मळक्या चादरी शहराबाहेरच्या धुलाईकेंद्रावर न्यायच्या, धुतलेल्या परत आणायच्या. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, दिवसातून दोन खेपा.

आणि आता वरून कागद आला होता. लिटरमागे अकरा किलोमीटर न देणाऱ्या जुन्या गाड्या भंगारात काढाव्यात, काम ठेकेदाराकडे सोपवावं. पिकअप देत होती आठ. चाचणीला आठवडा उरला होता.

“थर्मोस्टॅट कुठाय हिचा?” बॉनेटमध्ये डोकं घालून उस्तादने विचारलं.

“तो मागंच काढून टाकला. इंजिन तापायचं.”

“आणि आता गारच राहतंय. गार इंजिन जास्त खातं, बाबा. थंडीत आपण खातो तसं.”

एअर फिल्टर आपटला तेव्हा वाटीभर धूळ पडली. टायरांत हवा कमी होती. ब्रेकशू आणि फिल्टर बदलले, थर्मोस्टॅट नवा बसवला. छतावरची लोखंडी जाळी, हौद्यातली फळकुटं, सीटमागचा सगळा गंजका संसार उस्तादने उतरवून ठेवला. दोन दिवसांनी भिंगरीने एक खेप मारली. साडेनऊ.

“आता काय राहिलं?” त्याने हवालदिल होऊन विचारलं.

“एकच पार्ट राहिलाय. तो माझ्याकडे मिळत नाही.” उस्तादने पान्याने त्याच्या उजव्या पायाकडे खूण केली. “हा. पन्नासच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. सिग्नल लांबून दिसला की पाय काढायचा. आणि उतारावर न्यूट्रल करायची ती अक्कल बंद. गिअरमध्येच सोड, इंजिन तेवढा वेळ उपाशी चालतं.”

गाडी परत नेताना भिंगरीने बायकोला शेजारी बसवलं. तिचं काम काट्यावर नजर ठेवण्याचं.

“अहो, त्रेपन्न.”

“दिसतंय.”

“अहो, साठ!”

“अगं, पुढचा रस्ता मोकळा आहे.”

“रस्ता मोकळा आहे म्हणून पळायलाच हवं का?”

त्याने पाय सैल केला. मागून एक बस हॉर्न बडवत पुढे गेली. मग एक दुचाकी. मग चक्क एक ट्रॅक्टर जवळ यायला लागला, तेव्हा त्याचा डावा हात गुडघ्यावर तबला वाजवू लागला. आतून कुणी तरी ढकलतंय आणि आपण दार दाबून धरलंय, असं त्याला वाटत होतं.

“लग्नानंतर पहिल्यांदाच तुमच्या शेजारी बसले आणि हँडल धरावं लागलं नाही,” बायको म्हणाली.

चाचणीच्या दिवशी शेजारी इस्पितळाचे स्टोअरबाबू होते, मांडीवर डिझेलच्या नोंदींची वही घेऊन. टाकी काठोकाठ भरली, साठ किलोमीटर झाले, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरली. भागाकार झाला. अकरा पूर्णांक तीन. भिंगरीने बॉनेटवर अशी थाप मारली की पंपावरची माणसं वळून पाहू लागली. स्टोअरबाबूंनी मात्र वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर जुन्या नोंदवह्यांचा ढीग होता.

“गाडी पास झाली. राहील आपल्याकडे,” ते म्हणाले. “पण मला एक सांगा. एकोणीस वर्षं आठ. आणि चाचणी म्हटल्याबरोबर अकरा. मधलं डिझेल कुठे गेलं?”

भिंगरी हसतच होता. प्रश्न पोचायला त्याला वेळ लागला.

“गाडीनेच प्यायलं, साहेब.”

“गाडीने, की कॅनने?”

हसू तोंडावरच सुकलं. “साहेब, मी...”

“मला सांगू नका. चौकशीचा कागद वर गेला की तिकडे सांगा.”

घरी तो स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर फेऱ्या मारत राहिला. ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं.

“चोर म्हणाला मला.”

“बसा आधी.”

“चोर म्हणाला, आणि बसू?”

“मग त्यांना नेऊन दाखवा की, तुम्ही नेहमी कशी चालवता ते,” बायको म्हणाली. “तुमच्या शेजारी एकदा बसलेला माणूस डिझेलचा हिशेब कशाला विचारेल? घरी सुखरूप पोचलो हेच त्याला पुष्कळ वाटेल.”

सकाळी स्टोअरबाबू हो-नाही करत पुन्हा गाडीत बसले. भिंगरीने किल्ली फिरवली आणि आठवडाभर धरून ठेवलेलं दार सोडून दिलं. गिअर ओरडले. ट्रकच्या मागे नाक टेकवून अचानक ब्रेक, मग पुन्हा तळापर्यंत ॲक्सिलरेटर. पहिल्याच वळणावर वही पायाशी पडली. दुसऱ्या वळणावर स्टोअरबाबूंनी चष्मा काढून खिशात ठेवला. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, “पटलं. पटलं हो. हळू घ्या.”

पण भिंगरीने हळू घेतली नाही. पुरावा अर्ध्यावर सोडायचा नव्हता. पंपावर आकडा निघाला नऊ.

उरलेला फरक उस्ताद पोत्यात भरून घेऊन आला. जळून काळे पडलेले ब्रेकशू, दगडासारखा फिल्टर. ते सगळं त्याने टेबलावर मांडलं आणि एकेक समजावलं. स्टोअरबाबूंनी हात लावून पाहिलं, बोटं पुसली आणि छापील फॉर्म पुढे ओढून लिहायला घेतलं.

“चोरीचा प्रश्न मिटला. पण वर कारण द्यावं लागेल.” त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, “वाहनाची अपुरी देखभाल व चालकाची अकारण घाई, यामुळे इंधनाचा अपव्यय झाला. चालकास समज देण्यात यावी. करा सही.”

भिंगरीने कागद घेतला, दोनदा वाचला.

“बाकी खरं आहे साहेब. ‘अकारण’ तेवढं काढा.”

“म्हणजे?”

“कामाला लागलो त्याच आठवड्यात गाडी वाटेत पंक्चर झाली. दोन तास उशीर. गठ्ठा खांद्यावर घेऊन बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो, तर चादरी संपलेल्या. एक बाई नुसत्या रेक्झिनवर पडली होती. अंगाखाली वर्तमानपत्र पसरलेलं. मला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.” ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. “त्यानंतर एक खेप उशिरा नाही, साहेब. पावसात नाही, संपात नाही. सिस्टरना विचारा.”

उस्ताद पोत्याचं तोंड बांधत होता, तो तसाच थांबला. स्टोअरबाबूंनी पेनाने ‘अकारण’वर काट मारली.

“कारण पण लिहा ना,” भिंगरी म्हणाला.

“त्याला यात रकाना नाही हो,” स्टोअरबाबू म्हणाले. आवाजात पूर्वीची धार नव्हती.

भिंगरीने त्यांच्या हातातलं शाईचं पेन मागून घेतलं. सही केली. मग सहीच्या खाली, कागद संपायच्या आधी जी बोटभर कोरी पट्टी होती, तिच्यात वाकून लिहिलं: चादरी रोज वेळेवर पोचल्या. एकेक काना सरळ, एकेक वेलांटी पुरी.

बाहेर गाडी भरून तयार होती. तरी शाई वाळेपर्यंत तो टेबलाशी उभा राहिला.