पोचलोच, जीजी

कन्हैयालाल शेठची एक सवय सगळ्या मोंढ्याला पाठ होती. माल अजून पोत्यात भरायचा असला, ट्रक दारात यायचा असला, तरी शेठ फोनवर बिनधास्त सांगणार, "गाडी निघाली, पोचतेच." जाफराबादच्या त्या धान्यबाजारात याला कुणी खोटं म्हणत नसे, धंद्यातली बोलण्याची तऱ्हाच ती. त्याच तऱ्हेनं त्या संध्याकाळी त्यांनी अंबडला बहिणीला कळवलं, "निघालो, जीजी." तेव्हा त्यांची लेक पलक अजून ओल्या फडक्यानं गाडीची काच पुसत होती.

अंबडला या बहिणीच्या, पानबाईच्या, मुलाचं लग्न होतं आणि आज मायरा. भावानं साड्या-दागिने, मिठाई घेऊन बहिणीच्या दारात जायचं, तिनं टिळा लावून, ओवाळून त्याला आत घ्यायचं. त्याशिवाय मारवाड्यांच्या लग्नात पुढचं पान हलत नाही. पानबाईच्या दोन भावांपैकी आता कन्हैयालाल एकटेच उरले होते, म्हणजे हा मायरा त्यांनीच न्यायचा. घरचे सकाळीच पुढे गेले होते. शेठ मक्याच्या खरेदीत अडकून मागे राहिले, आणि ऐन वेळी ड्रायव्हर तापानं आडवा झाला. शेठना स्वतःला अंधारात समोरच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नसे. राहिली पलक. लायसन्स होतं, हात साफ होता, पण रात्रीची गाडी तिनं कधी चालवली नव्हती. तिला भीतीही वाटत होती, आणि कधी एकदा गाडी सुरू करते असंही झालं होतं.

"पापा, मिठाईचे खोके खाली घ्या. मागचं काहीच दिसत न्हाई."

"मागचं बघून काय करायचं? पुढं जायचंय ना आपल्याला?"

तिनं निमूटपणे खोके डिकीत हलवले, आरशासमोर लोंबणारा झेंडूचा हार काढला, पुढचे-मागचे दिवे पुसले आणि आपला फोन बंद करून तोही डिकीतल्या बॅगेत टाकला. गाडी चालवताना तो हाताशी नकोच. शेठ नुसते चुळबुळत राहिले.

गाव सुटलं आणि पाऊस आला. नोव्हेंबरात कुणी न मागितलेला, तिरपा, झोडपणारा पाऊस. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी काळा चिखल डांबरावर आणून ठेवला होता, त्यावर पाणी पडून रस्ता साबणासारखा झाला. पलकनं वेग कमी केला, दिवे डिपरवर आणले. समोरून एक ट्रक डोळे फोडणारा पांढरा दिवा लावून आला. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली आणि ट्रक जाईपर्यंत त्या पट्टीच्या आधारानं गाडी नेली. जमलं. पुढच्या ट्रकला तर आणखी सहज जमलं. तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं.

"जल्दी कर बेटा. जीजी दारात उभी असंल. भाऊ येईस्तोवर ती बसत न्हाई."

"पापा, दिव्यात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. याच्यापेक्षा जोरात मी न्हाई चालवणार."

"ते बघ, काळी-पिवळी जीप गेली आपल्याला मागं टाकून. तिला दिसून राह्यलं आणि तुला न्हाई?"

"तिला पण दिसत न्हाई. ती अंदाजानं चालली."

एवढ्यात फोन वाजला. शेठनी तो कानाला लावला आणि नेहमीच्या भरदार आवाजात म्हणाले, "जालना सोडलं, जीजी. पोचलोच." पलकनं चमकून ऐकलं, पण मान वळवली नाही. जालना लांबच, अजून टेंभुर्णीसुद्धा आली नव्हती.

पुढच्या वळणानंतर दिव्यांच्या उजेडाच्या शेवटी रस्ता जरा जास्तच काळा दिसला. पलकला ते काय आहे कळलं नाही, पण पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिनं एकदम न दाबता दाबत सोडत गाडी धरून ठेवली. गाडी थोडी डुलली, सरळ झाली आणि थांबली. समोर अर्ध्या रस्त्यावर काळी ताडपत्री पसरली होती, कडेनं दगड ठेवले होते. आणि ताडपत्री हलली. खालून एक माणूस बाहेर आला, मागोमाग त्याची बायको.

"मका झाकून राह्यलो व्हतो, ताई," माणूस पावसात ओरडून म्हणाला. "वाळायला टाकल्ती, एकदम पाऊस आला. आत्ताच एक काळी-पिवळी पार कडेनं गेली." मग त्यानं गाडीत वाकून बघितलं. "शेठ, तुम्ही व्हय? मी काकासाहेब. तुम्हीच म्हणलात ना, ओली मका घेणार न्हाई?"

पलकचं लक्ष मात्र आरशात होतं. मोकळ्या झालेल्या काचेतून मागे, लांबवर, दोन दिवे उड्या मारत येताना दिसले. तिनं चारी इंडिकेटर लावले.

"काका, दोघंही शेतात उतरा. मका राहू द्या. पापा, तुम्ही पण उतरा, कडेनं मागं जा आणि फोनचा दिवा हलवा."

शेठ, ज्यांनी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून गल्ला सोडला नव्हता, ते चिखलातून मागे धावले. हात वर करून फोन हलवत, घसा फोडून ओरडत. दिवे जवळ आले, आणखी जवळ आले, मग एका दुसऱ्या जीपची चाकं घसरल्याचा कर्कश आवाज झाला. जीप आडवी होत होत पलकच्या गाडीच्या मागे येऊन थांबली. आत माणसं गच्च भरली होती. त्यांतली चार जणं उतरली, सगळ्यांनी मिळून ताडपत्री मक्यासकट कडेला ओढली, दगड फेकून दिले. काकासाहेबाची बायको थरथरत होती आणि हसतही होती.

या गडबडीत शेठच्या हातातला फोन चिखलात पडला तो कायमचा गप्प झाला.

"माझा डिकीत आहे," पलक म्हणाली. "काढू? भुआला कळवा, दारात उभी असंल."

"काय कळवू? मघाशी जालना सांगितलंय मी. चल, पोचतोच आता."

पण त्यानंतर त्यांनी जल्दी हा शब्द काढला नाही. उलट पुढे झुकून बसले. "डावीकडं सायकल आहे बघ. समोर ट्रॉली, तिला मागं दिवाच न्हाई. दमानं." पाऊस थांबला, जालना आलं, गेलं. बापलेक मिळून रस्ता वाचत होते आणि पलकला वाटत होतं, हा रस्ता आणखी थोडा लांब असता तरी चाललं असतं.

अंबडच्या मांडवात जेवणं उरकली होती, ढोलवाले ढोल आडवे टाकून बसले होते. पानबाई दारात उभीच होती. हातात ताट, ताटातलं निरांजन विझलेलं. शेठ हसू आणून म्हणाले, "जरा उशीर झाला, जीजी. पाऊस लई होता."

तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ताट कुणाच्या तरी हातात देऊन ती पायऱ्या उतरली, गाडीच्या पुढच्या भागावरून हात फिरवला, मग पलकचे खांदे, दंड चाचपले. मग भावासमोर येऊन उभी राहिली.

"जालना सोडलं म्हणल्ता. मंग फोन बंद."

"चिखलात पडला, जीजी."

"बद्रीभाईचा शेवटचा फोन मला आल्ता, कन्हैया. तुला कधी बोलले न्हाई. तो पण असाच म्हणल्ता. जालना सोडलं, पोचलोच."

थोरल्या भावाची, बद्रीनाथची, गाडी जालन्याच्या खूप अलीकडे, टेंभुर्णीजवळ, उभ्या ट्रॉलीखाली सापडली होती. तो त्या रात्री एवढ्या जोरात का चालला होता, हे घरात कुणालाच कधी समजलं नव्हतं. शेठना ते आत्ता समजलं: फोनवर बोललेलं खरं करायला.

"जीजी," ते म्हणाले, आणि तो अडतीवरचा भरदार आवाज कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही, "मी बोललो तेव्हा आम्ही टेंभुर्णीला पण पोचलो नव्हतो."

पानबाईनं डोळे पुसले. निरांजन पुन्हा पेटवायला सांगितलं, आणि पहिला टिळा पलकला लावला.