दोन डोंगरांची फ्रेम

पाणी प्यायच्या निमित्ताने धनश्री परीक्षेच्या हॉलमधून बाहेर आली, तेव्हा फ्रॉकखाली दडवून आणलेला कागद अजून कोराच होता. घड्याळात पावणेबारा झाले होते आणि सव्वाबाराला कागद जमा करायचे होते. व्हरांड्यात बसलेला तिचा बाप, उखा, पिशवी घेऊन उठला. सकाळपासून त्याने चहाचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

तापीपलीकडच्या एका ट्रस्टची ही शाळा. सहावीला वीस जागा. अभ्यासाबरोबर दहावीपर्यंत चित्रकला, मातीकाम, विणकाम, सगळं. आणि प्रवेश मार्कांवर नाही. मुलाला एक कागद द्यायचा, रंग द्यायचे आणि सांगायचं, तुला वाटेल ते काढ. पुढच्या वर्षी धनश्री वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काही व्हायचं ते आजच, या अर्ध्या तासात.

उखा बमरोलीच्या मिलमध्ये बावीस वर्षं साडीवर छाप मारतो. जाळीची फ्रेम कापडावर ठेवायची, रंग ओतायचा, रबराची पट्टी ओढायची, फ्रेम उचलायची, पुढे सरकायचं. दुसऱ्याची फुलं, दुसऱ्याचे मोर. तरुण असताना एकदा त्याने चिंधीवर स्वतःचा बुट्टा काढून मिलच्या मास्तरला दाखवला होता. मास्तर म्हणाला, तू हात चालव, डोकं चालवायला दुसरे आहेत. ते बोलणं त्याच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून या शाळेचं कळल्यापासून तो झपाटला होता. आपलं नाही झालं, निदान पोरीचं तरी होऊ दे.

पण पोरीचं वाटोळं करायला हाच पहिला पुढे होता, हेही सांगायला पाहिजे.

तिसरीत असताना धनश्रीने मिलची चिमणी काढली होती आणि चिमणीच्या धुराला वेणी घातली होती, लाल रिबिनीसकट. सुंदरा, तिची आई, ते बघून पोट धरून हसली होती आणि चित्र तिने देवघराशेजारी लावलं होतं. शाळेत मात्र त्याला दहापैकी दोन मार्क पडले. मानसी टीचरने उखाला बोलावून घेतलं आणि फळा दाखवला. फळ्यावर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळ. हे बघून काढायचं असतं, तुमची मुलगी मनाचं काढते, असं त्या म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या हो. साठ पोरं एका वर्गात, तपासायचं कसं, तर सगळ्यांचं सारखं असलं की तपासता येतं.

आता हे राहतात त्या डिंडोलीत, मिलकामगारांच्या वस्तीत, डोंगर कुठला आलाय? धनश्रीने उभ्या जन्मात झोपडी पाहिली नव्हती. पण उखा हा छापाचा माणूस. छाप दोऱ्याएवढा सरकला तरी साडी बाद, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. त्याला टीचरचं तंतोतंत पटलं. आणि मग त्याने ते केलं, जे छापकामातल्या माणसाशिवाय कुणाला सुचलं नसतं. मिलमधून जाळीचा तुकडा आणला, पाटीएवढी लाकडी चौकट ठोकली आणि फळ्यावरचे दोन डोंगर त्या जाळीत उतरवले. रोज संध्याकाळी तो फिक्या करड्या रंगाचे छाप मारून द्यायचा आणि धनश्रीने त्यावरून पेन्सिल फिरवायची. पहिले पंधरा दिवस ती रडली. नंतर रडायची थांबली. सहा महिन्यांनी तिला दहापैकी दहा मिळाले आणि चित्र शाळेच्या दारात लागलं.

गल्लीतले आईबाप छाप मागायला आले. उखाने सगळ्यांना मारून दिले. वर्गात साठच्या साठ कागदांवर डोंगर एका मापाचे झाले आणि टीचर खूश झाल्या. सुंदराने तेवढं एकदा विचारलं होतं, की पोर आता वेणी घालत नाही का धुराला? उखा तिच्यावर खेकसला होता.

ती फ्रेम आता त्याच्या पिशवीत होती. सोबत रबराची पट्टी आणि रंगाची बाटलीही. घरून काहीही आणायचं नाही, असं शाळेने बजावलं होतं. तरी सकाळी धनश्री म्हणाली की फ्रेम नसेल तर मी येतच नाही, आणि बापाने गुपचूप ती पिशवीत घातली.

व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे कुणी नव्हतं. धनश्रीने कागद फरशीवर पसरला.

"पप्पा, एकदाच मारून दे," ती कुजबुजली. "मला काहीच येत नाहीये. एकदाच."

उखाने फ्रेम काढली. कागदावर ठेवली. कोपऱ्याला कोपरा आपोआप जुळला, बावीस वर्षांचा हात तो. दहा सेकंदांचं काम. बाटलीचं झाकण उघडताना त्याची नजर समोरच्या खिडकीतून हॉलमध्ये गेली.

खिडकीलगत एक मुलगा बसला होता. त्याच्या कागदावर दोन डोंगर होते. त्याच्या मागच्या मुलीच्या कागदावरही दोन डोंगर. त्यामागेही तेच. हा मुलगा ना डिंडोलीचा ना शेजारच्या नवागामचा, बूटमोजे घालून गाडीतून उतरलेला, पण डोंगर तेच, सूर्य तोच, नारळही उजवीकडेच झुकलेला. यांना कुणी छाप मारून दिला? भूपेंद्र सर, परीक्षा घेणारे, रांगेतून हळूहळू चालत होते. एकेका कागदाशी थांबत होते आणि काही न बोलता पुढे जात होते.

आपण एक फ्रेम बनवली, असं उखाला वाटत होतं. इथे तर अख्ख्या गावात बसवलेली होती.

"मार ना, पप्पा. कुणी येईल."

त्याने झाकण परत लावलं. धनश्रीचे डोळे विस्फारले. फ्रेम कागदावरून उचलून त्याने फरशीवर आडवी टाकली आणि चपलेसकट पाय मधोमध दिला. जाळी टर्रकन फाटली. पाय अडकला, तसा त्याने तो आणखी खाली दाबला. चौकटीचा एक सांधा निखळला.

धनश्रीने बापाकडे असं पाहिलं, की पुन्हा आयुष्यात तसं कुणी पाहू नये. मग कागद ओढून घेतला आणि आत पळाली.

उखा तिथेच टाकीला टेकून बसला. काय केलंस, मूर्खा, तो स्वतःला म्हणत होता. डोंगर तर डोंगर, निदान कागदावर काहीतरी असतं. पोर आता रडत बसेल, कागद कोरा जाईल, आणि घरी सुंदराला काय सांगशील? खिडकीतून बघायचा त्याला धीर होईना. बारा वाजले. बारा दहा झाले. सव्वाबाराची घंटा त्याच्या डोक्यात घण घातल्यासारखी वाजली.

एकेका मुलाला पालकासोबत आत बोलावत होते. बहुतेक जण दोन मिनिटांत बाहेर येत. धनश्रीचं नाव पुकारल्यावर उखा पिशवी सावरत आत गेला. धनश्री टेबलाशी उभी होती. तिचं नाक लाल झालं होतं आणि बापाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

सरांच्या हातातला कागद कोरा नव्हता. डोंगरही नव्हते. अख्ख्या कागदावर एक पाय होता. काळा, राक्षसासारखा, नखं फावड्याएवढी, चपलेचा अंगठा तुटलेला. त्याच्या खाली जाळी फाटली होती आणि जाळीच्या भोकातून सूर्य, झोपडी, नारळ, सगळं उलटंपालटं होऊन बाहेर सांडत होतं. पायाच्या पार वर, कागदाच्या टोकाला, एक इवलंसं डोकं होतं. त्याला उखासारख्याच मिशा होत्या.

हा कोण आहे, सरांनी हिंदीत विचारलं. धनश्रीला हिंदी चांगली येते. पण राग अनावर झाला की माणसाच्या तोंडी घरचंच येतं.

"हाऊ मना बाप," ती म्हणाली. "त्यानी मनं चित्र फाडी टाकं."

सरांना अहिराणी कळेना. त्यांनी उखाकडे पाहिलं. मुलगी काय म्हणते?

उखाला खोटं सांगता आलं असतं.

"हा माझा बाप आहे, म्हणते," त्याने हिंदीत सांगितलं. "यानेच माझं चित्र फाडलं, म्हणते. खरं आहे, साहेब."

सरांनी त्याच्या मिशांकडे पाहिलं, मग त्याच्या चपलेकडे. अंगठ्यात जाळीचा दोरा अजून अडकलेला होता. त्यांनी विचारलं, असं चित्र काढायला हिला शिकवलं कुणी?

"कुणीच नाही, साहेब."

सरांनी कागद गठ्ठ्यावर न ठेवता आपल्या वहीत ठेवला आणि सोमवारी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या, असं म्हणाले. उखाचे हात आपोआप जोडले गेले.

बसस्टॉपपर्यंत धनश्री दहा पावलं पुढे चालत होती. त्याने पिशवी पुढे केली, तिने घेतली नाही. त्याने शेंगदाणे घेतले, तिने तोंड फिरवलं. बसमध्येही ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बस सुटली, तसं काचेवरच्या धुळीत तिचं बोट फिरायला लागलं. काय काढतेय ते उखाला मागून दिसत नव्हतं, आणि विचारायची त्याची छाती नव्हती. नको बोलू, पोरी, तो मनात म्हणाला. आठ दिवस नको बोलू. महिनाभर नको बोलू, बोट तेवढं थांबवू नकोस.