गुरुवार, चार वाजता

पाळकबाईंनी खोडरबर घेतलं आणि गुरुवारच्या चारच्या रकान्यातले चिटणीस पुसून टाकले. तिथे ठसठशीत लिहिलं, ‘गायनमंडळ, सराव.’

नवऱ्याचा आठवडा त्याच आखायच्या. रविवारची उपासना शाईने. आजाऱ्यांच्या भेटी, बायबल अभ्यास, लग्न ठरलेल्या जोडप्यांशी बोलणं, हे सगळं पेन्सिलीने. पाळकांना हे कधी जमलंच नाही. कुणी हाक मारली की स्वारी निघाली. वहीत नव्हतं ते फक्त त्यांचं सकाळचं फिरणं.

मंडळीचे जुने चिटणीस अंथरुणाला खिळले होते. पाळकांनी घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यावा, एवढंच त्यांचं मागणं. सात आठवडे बाईंनी त्यांना या रकान्यातून त्या रकान्यात फिरवलं होतं. हल्ली निरोप येणं थांबलं होतं. थकला म्हातारा, असं मनात आलं तेव्हा बाईंना चहा जरा गोडच लागला होता.

अकरा वर्षांपूर्वी बाईंनी इस्पितळातून तीनदा निरोप धाडला होता. लेक सारखी विचारत होती, पप्पा कुठंयत? चिटणीसांनी तिन्ही निरोप दारातच अडवले. सभा चालू आहे, संपली की सांगतो. बाकांना कोणता रंग द्यायचा, याची ती सभा. पाळक धावत पोचले तोवर लेक विचारायची थांबली होती. बाकांना रंग आजतागायत लागलेला नाही.

“माझा चष्मा पाहिलास का गं?” पाळकांनी आतून विचारलं.

“रोज काहीतरी हरवल्याशिवाय तुमचा दिवस सुरू होतो का?”

बेल वाजली. दारात चिटणीसांची सून उभी होती. हातात पाळकांचा चष्मा.

“पाळकसाहेब विसरले बघा आज. रोज येतात हो, न चुकता. बाबा सहापासून दाराकडे डोळे लावून असतात.”

बाईंनी चष्मा घेतला, दार लावलं. वळून पाहिलं तर पाळक मागेच उभे. त्यांनी हात पुढे केला नाही.

“किती दिवस चाललंय?”

“तीन आठवडे.”

“वहीत का नाही लिहायला सांगितलंत?”

“तू पुसलं असतंस.”

बाईंनी पदराने चष्म्याच्या काचा पुसल्या, बराच वेळ. मग त्यांच्या हातात ठेवला आणि वही ओढली. पहिल्या ओळीच्या वर जागा नव्हती. पट्टी लावून त्यांनी समासातच नवा रकाना आखला. उद्या, सहा वाजता. पेन्सिल बाजूला ठेवून पेन उचललं.

“काय लिहितेस?”

“तुमचं फिरणं. मीपण येतेय.”

पाळकांचा आवाज खाली आला. “कशाला?”

“एकच विचारायचंय त्यांना.” बाईंनी ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली. “रंग कोणता ठरला?”